निकालाची वाट आणि यादीची वाट

या पाठाचा विषय पोथीतला नाही, घराघरांतला आहे. ज्येष्ठ लागला की आमच्या परभणी जिल्ह्यात दोन वाटा पाहिल्या जातात. शेतकरी मृगाची वाट पाहतो. आणि ज्याच्या घरी दहावी-बारावीचे लेकरू आहे तो निकालाची, निकाल लागला असेल तर प्रवेशाच्या यादीची. पहिली वाट आमच्या माणसाला पाहता येते. पाऊस लांबला म्हणून तो ओसरीवर डोके धरून बसत नाही. वखरपाळी करतो, तिफण नीट करून घेतो, सोयाबीनचे बियाणे उगवते की नाही हे गोणपाटात दाणे भिजवून पाहतो. दुसरी वाट पाहताना मात्र त्याच घराची चूल थंड पडते. असे का व्हावे?

शास्त्रात हेतू दोन प्रकारचे सांगितले आहेत, एक कारक आणि दुसरा ज्ञापक. कुंभार घडा घडवतो, तो कारक. अंधाऱ्या खोलीत दिवा नेला आणि घडा दिसला, तर दिवा हा ज्ञापक. दिव्याने घडा केला नाही, असलेला दाखवला. आता पाहा. २०२५ साली बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीस सुरू झाली आणि निकाल ५ मेला लागला. दहावीची २१ फेब्रुवारीस सुरू झाली आणि निकाल १३ मेला लागला. पहिल्या पेपरापासून मोजले तर दोन्हीकडे ८० दिवसांवर काळ गेला. या काळात उत्तरपत्रिका परीक्षकाकडे जातात, मग नियामकाकडे, मग मंडळाकडे. आमचा जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागात येतो. तपासणारे तपासतात, बेरीज होते, गुण नोंदले जातात. पण लेकराने जे लिहिले त्यात एक काना-मात्रा अधिक होत नाही की उणी होत नाही. कुंभार केव्हाच घरी गेला. आता फक्त दिवा यायचा आहे.

हे एवढे ध्यानी आले तर पुष्कळ धावपळ वाचेल. हरिनाम सप्ताहात आमच्याकडे माणसे येतात आणि म्हणतात, “महाराज, पोराचा निकाल परवा हाय, काही अंगारा द्या.” कोणी नारळ आणतो, कोणी नवस बोलतो, कोणी पत्रिका पुढे करतो. आम्ही त्यांना विचारतो, “पेपर कधी झाला?” “मार्चात.” “मग आता अंगारा कुणाला लावायचा, कागदाला का?” माणूस हसतो, पण नारळ परत नेत नाही. असो. पंढरीची वाट धरणाऱ्याने निकालाच्या आदल्या दिवशी देवाशी सौदा करावा, हे आम्हांस पटत नाही.

दुसरा एक प्रकार आहे तो याहून वाईट. लेकरू काळजीत बसलेले असते आणि वडील त्याला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला कर्मफळाचा श्लोक ऐकवतात. श्लोक थोरच, पण तो भगवंतांनी युद्धाआधी सांगितला, धनुष्य खाली ठेवलेल्या माणसाला उभे करण्यासाठी. वडिलांनी तो जूनमध्ये, अभ्यास सुरू होताना सांगावा. निकालाच्या सकाळी सांगितला तर त्याचा अर्थ लेकराच्या कानी एवढाच पडतो की, तुझे काही खरे नाही.

जुन्या काळी ही वाट नव्हती, हेही सांगितले पाहिजे. मिथिलेच्या पंडितांत शलाकापरीक्षा होती. पोथीच्या पानांत सळई खुपसायची, ती ज्या पानाशी अडेल त्या पानाचा अर्थ विद्यार्थ्याने सभेत तिथल्या तिथे लावायचा. उत्तर आले की नाही हे सभेला आणि त्यालाही त्याच घटकेस कळे. आमच्या जिल्ह्यात ही वाट आली ती मोठ्या परीक्षा आल्या तेव्हा. परभणी निजामाच्या राज्यात होती तेव्हा विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, १९१८ साली स्थापन झालेले, आणि शिकवणे उर्दूतून. पुढे १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले, १९७२ च्या मे महिन्यात परभणीतच कृषी विद्यापीठ झाले, १९९४ साली नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ झाले आणि आमची महाविद्यालये त्याकडे गेली. २०२३ साली परभणीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. विद्या जवळ आली, वाट मात्र कमी झाली नाही. उलट एका निकालाच्या जागी तीन-तीन झाले. बारावीचा एक, सीईटीचा एक, डॉक्टरकीला जायचे असेल तर नीटचा एक. आणि त्यानंतर याद्या.

आता याद्यांची गोष्ट निराळी आहे. इथे आमचा दिव्याचा दृष्टान्त पुरा लागू होत नाही. कारण यादी तुमच्या गुणांवरच ठरत नाही. किती जागा आहेत, तुमच्यापुढे कोण आहे, त्यांनी काय मागितले आणि तुम्ही काय मागितले, यावर ठरते. म्हणजे इथे कारकपणा थोडा अजून हातात आहे. अकरावीचा प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा शहरांपुरता संगणकावरून होई; २०२५-२६ पासून तो साऱ्या राज्यात तसा झाला, आमच्या खेड्यांतही. त्या वर्षी २१ मेला नोंदणी सुरू व्हायची होती, संकेतस्थळच अडले, आणि २६ मेला ती पुन्हा सुरू झाली. अर्जात एकापासून दहापर्यंत पसंतीची महाविद्यालये लिहायची होती. नियम असा की पहिल्या पसंतीचे मिळाले तर प्रवेश घ्यायचा. न घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांत नाव येत नाही. दुसरे-तिसरे मिळाले तर पुढच्या फेरीची वाट पाहता येते.

एवढा नियम आहे, पण आमचे लोक काय करतात? सेतू केंद्रावर किंवा संगणकाच्या दुकानात जातात आणि तिथल्या पोराला म्हणतात, “चांगलं बघून भर.” पोर भरतो. मग यादीत जिंतूरच्या मुलीला असे गाव येते की जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. मग दोष यादीला! पसंती लिहिण्यापूर्वी घरातल्या चार माणसांनी लेकरासह बसावे. एस.टी. किती वाजता आहे, वसतिगृह आहे का, विज्ञान खरोखर हवे की शेजाऱ्याने घेतले म्हणून हवे, हे विचारावे. ही वाट पाहण्यातली वखरपाळी आहे.

पुंडलिकाची कथा सर्वांना ठाऊक आहे. ती सांगताना आम्ही नेहमी विचारतो, त्या कथेत वाट कोण पाहतो? पुंडलिक नव्हे. तो आईबापांचे पाय चेपीत होता. वाट पाहत उभा राहिला तो देव, आणि त्याला उभे राहायला वीट मिळाली. हाती काम होते त्याला वाट पाहावी लागली नाही, एवढेच आम्हांस इथे म्हणायचे आहे.

पण काम करीत राहा म्हणजे तोंड मिटून बसा, असे कोणी समजू नये. काही वेळा वाट दुसऱ्याच्या चुकीने लांबते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे घाईने ठरवले. निकाल अडकले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. परदेशी किंवा दुसऱ्या विद्यापीठात जायचे होते त्या मुलांनी काय करावे? ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि काही झाले तरी ४५ दिवसांत निकाल लावावा असे लिहिले आहे. हे कलम पालकांनी माहीत ठेवावे. २०२४ साली नीटचेही तसेच. परीक्षा ५ मेला, निकाल ४ जूनला. मग १५६३ मुलांचे वाढीव गुण रद्द झाले, २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा, २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला, आणि सुधारित निकाल २६ जुलैला. त्या उन्हाळ्यात आमच्याकडची कित्येक लेकरे रात्री जागली. त्यांनी आवाज केला म्हणून अधीर म्हणायचे काय? आम्ही म्हणत नाही.

आणि निकाल मनासारखा नाही लागला तर? गुणपडताळणी मागता येते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, आणि ती हाती आल्यावर पुनर्मूल्यांकन. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी सवलतीने अकरावीत बसता येते, आणि पुरवणी परीक्षा जून-जुलैतच होते. मार्चपर्यंत थांबावे लागत नाही. या गोष्टी निकालाच्या आधी लेकराला सांगून ठेवाव्यात, नंतर नव्हे. आधी सांगितल्या तर धीर, नंतर सांगितल्या तर समजूत. लेकरू जेवत नसेल, बोलत नसेल, एकटे एकटे राहत असेल, तर त्या दिवसांत त्याला रानात एकटे पाठवू नका, आणि “लोक काय म्हणतील” हे शब्द घरात काढू नका. १४४१६ हा सरकारी टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी रात्री-अपरात्री तिथे विनामूल्य बोलता येते. कीर्तनकाराकडे येण्याआधी तो फिरवला तरी आम्हांस मुळीच वाईट वाटणार नाही.

मुलींविषयी दोन शब्द निराळे लिहावे लागतात. शेगावहून निघालेली श्रीगजानन महाराजांची पालखी परभणीवरून जनाबाईंच्या गंगाखेडास येते, ती साधारण याच याद्यांच्या दिवसांत. त्या पालखीत चालणारे बापसुद्धा आम्ही असे पाहिले आहेत, की मुलीच्या निकालाची वाट पाहतात ती स्थळाला होकार द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी. मुलगी यादीची वाट पाहते आणि बाप पाहुण्यांची. तिच्या पसंतीच्या दहा ओळींत एकही ओळ तिची नसते. “लांब पाठवायची, खर्च कुठून आणायचा?” हे कारण असते. त्या कारणाचे उत्तर सांगून ठेवतो. २०२४-२५ पासून राज्यात ज्या घराचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि यादीच्या आठवड्यात तहसिलीत रांग मोठी असते. पालखी गावात यायच्या आधी तो काढून ठेवावा.