बॅकअप होता... क्रॉनटॅबमध्ये!

आधीच एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. दुसरी कबुली जरा गंभीर आहे. आमच्या थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टचा डेटा माझ्यामुळे गेला.

ग्रुपमधल्या एका मित्राच्या काकांची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. तिथे जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर लावला होता. दर १५ मिनिटांनी एक रीडिंग. शेतावरचा छोटा बोर्ड दिवसभराची रीडिंग साठवायचा, सकाळी दहाला लॅबमधल्या आमच्या लिनक्स मशीनवर पाठवायचा आणि स्वतःकडची पुसून टाकायचा. ऑक्टोबर छाटणीनंतर काम सुरू झालं. बॅकअप माझ्याकडे. मी स्क्रिप्ट लिहिली, क्रॉनमध्ये रात्री दोनची वेळ टाकली आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "झालं, टेन्शन नका घेऊ!" तेविसाव्या दिवशी मशीनची हार्ड डिस्क कटकट आवाज करत बंद पडली. मी ऐटीत एक्स्टर्नल डिस्क काढून लॅपटॉपला जोडली. आत एकच फोल्डर. पहिल्या दिवशी मी स्वतः हाताने चालवून पाहिलेल्या टेस्टचा.

कारण काय असेल? लॅबचे काका रोज सहाला मेन स्विच बंद करून घरी जातात. रात्री दोनला मशीन चालूच नसायचं!

प्रोग्राम सगळ्यांच्या लॅपटॉपवर होता, तो वाचला. पण दोन हजारांहून जास्त रीडिंग गेली. कोड पुन्हा लिहिता येतो हो, छाटणीनंतरचे ते तेवीस दिवस कुठून आणायचे? मित्राचे काका रागावले नाहीत. "पुढच्या छाटणीला या," एवढंच म्हणाले. ते जास्त लागलं.

तर आता मुद्द्याकडे. क्रॉनला आपण पाच गोष्टी सांगतो: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. "० २ * * *" म्हणजे रोज रात्री दोन (टाइप करताना अर्थात इंग्रजी आकडे). त्या वेळी मशीन बंद असेल तर साधा क्रॉन ते काम सोडून देतो, नंतर आठवणही काढत नाही. जी मशीन रोज बंद होते तिच्यासाठी अॅनाक्रॉन आहे. तो मशीन चालू झाल्यावर राहून गेलेलं रोजचं काम उरकतो.

क्रॉनचे आणखी दोन खोडसाळपणे. एक, तुमच्या टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये चालेलच असं नाही, कारण तिथे पाथ अगदी तोकडा असतो. म्हणून कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. दोन, फाइलच्या नावात तारीख घालायला आपण टक्क्याचं चिन्ह वापरतो. क्रॉनटॅबच्या ओळीत त्याचा अर्थ "नवी ओळ" असा होतो. त्याच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. या एका चिन्हाने माझी एक अख्खी दुपार खाल्ली आहे.

आणि एक्स्टर्नल डिस्क जोडलेलीच नसेल तर? स्क्रिप्टला ते कळत नाही. ज्या फोल्डरवर डिस्क माउंट व्हायची ते फोल्डर मूळ डिस्कवर असतंच. बॅकअप निमूटपणे तिथेच जातो, मूळ डिस्क भरत जाते आणि आपण खूश! म्हणून स्क्रिप्टची पहिली ओळ "डिस्क माउंट आहे का? नसेल तर थांब आणि बोंब मार" अशी हवी.

वेळापत्रक कसं ठरवायचं? दोन प्रश्न विचारा. किती काळाचा डेटा गेला तर चालेल? याला आरपीओ म्हणतात. आणि किती वेळात सगळं परत उभं राहायला हवं? हा आरटीओ (लायसन्सवालं नव्हे!). सरांनी हे व्हायव्हात विचारलं तर व्याख्या पाठ असतात, पण स्वतःच्या प्रोजेक्टचे आकडे कुणी काढत नाही. आमच्याकडे डेटा दिवसातून एकदाच यायचा, म्हणजे रोज एकदा, तोही दहानंतर, बॅकअप पुरे होता. मी रात्री दोन का निवडले? पुस्तकात तसं उदाहरण होतं म्हणून!

रविवारी फुल बॅकअप आणि रोज फक्त बदललेल्या फाइल्स, म्हणजे इन्क्रिमेंटल, ही टारची जुनी पद्धत. जागा वाचते, पण गुरुवारचा डेटा हवा असेल तर रविवारपासूनच्या सगळ्या फाइल्स क्रमाने उघडाव्या लागतात. मधली बुधवारची खराब निघाली की पुढचं लटकलं.

आरसिंकने नुसती हुबेहूब नक्कल ठेवली आणि डिलीटचा पर्याय चालू असला, तर इकडे चुकून उडवलेली फाइल रात्री तिकडूनही उडते. रेडचंही तेच, डिस्क मेली तर तो वाचवतो, आपला हात घसरला तर नाही. त्यापेक्षा आरसिंकचा लिंक-डेस्ट पर्याय वापरा. रोज तारखेचं नवं फोल्डर बनतं, न बदललेल्या फाइल्स हार्ड लिंकने जोडल्या जातात, त्यांना नवी जागा लागत नाही. मात्र डिस्क फॅट३२ असेल तर हार्ड लिंक चालत नाही. आणि मायएसक्यूएल चालू असताना त्याचं फोल्डर सरळ कॉपी करू नका, अर्धं जुनं अर्धं नवं येतं. आधी डंप काढा, मग तो कॉपी करा.

हे फक्त आमच्यासारख्या नवख्यांचं होतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीट चालवलं. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं. रोजचा डंप पाहायला गेले तर बकेट रिकामी! डंप काढणारा प्रोग्राम ९.२ चा, डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो रोज फेल होत होता. फेल झाल्याचे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. शेवटी सहा तास आधी एकाने वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट उपयोगी पडला. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. हे वाचून मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवीच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचे हाल झाले. "क्लाउडवर आहे" म्हणजे शेवटी कुठल्या तरी गावातल्या खोलीत आहे.

आता आमचा बॅकअप दुपारी साडेबाराला, लंच ब्रेकमध्ये चालतो. तेव्हा लाइट नक्की चालू असतात. एक डिस्क लॅबमध्ये, दुसरी शुक्रवारी माझ्या बॅगेतून होस्टेलवर. बोर्डवरची रीडिंग आठवडाभर पुसत नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ग्रुपमधला कुणीही एक जण, मी सोडून, रिकाम्या मशीनवर सगळं परत आणून दाखवतो. गेल्या वेळी चाळीस मिनिटं लागली, त्यातली पंचवीस पासवर्ड शोधण्यात. आता तो एका कागदावर लिहून काकांच्या कपाटात ठेवलाय.