केबल निर्दोष होती

आमच्या छपाईच्या दुकानात एक यंत्र लिनक्सचं, त्यावर केडीई ३ हा डेस्कटॉप, शेजारचं विंडोजचं. गिऱ्हाइकांच्या फाइली विंडोजवर. एका संध्याकाळी लग्नपत्रिका आणायला केडीईच्या कॉन्करर या फाइल मॅनेजरच्या पत्त्याच्या पट्टीत 'एसएमबी' (विंडोजच्या फाइली वाटून घेण्याचा प्रोटोकॉल) टाकून शेजारच्या यंत्राचं नाव लिहिलं. लगेच संदेश आला: हा प्रोटोकॉल चालत नाही. तो मी धड वाचलाच नाही. नेटवर्क गंडलंय, असं ठरवून मोकळा झालो.

मग केबल बदलली, हब बदलला, पासवर्ड तीनदा बदलला. विंडोजची फायरवॉलसुद्धा बंद करून ठेवली, याची आजही लाज वाटते. पत्रिका शेवटी पेन ड्राइव्हवरून आणली.

तिसऱ्या दिवशी सहज केडीईचं इन्फो सेंटर उघडलं. तिथे 'प्रोटोकॉल्स' नावाचं पान होतं: बसवलेल्या प्रोटोकॉलांची यादी, नावावर टिचकी मारली की त्याची माहिती. एफटीपी होता, एचटीटीपी होता, एसएमबीचा पत्ताच नव्हता. केडीईत प्रत्येक प्रोटोकॉलसाठी वेगळा छोटा प्रोग्राम असतो (तेव्हा 'स्लेव्ह' म्हणत, आता 'वर्कर' म्हणतात), आणि जागा वाचवायच्या नादात मीच ते जादा पॅकेज बसवलं नव्हतं.

म्हणून सांगतो, संदेशात 'प्रोटोकॉल' हा शब्द दिसला तर केबलला हात लावू नका. समोरचं यंत्र बंद असेल किंवा पासवर्ड चुकला असेल, तर तक्रार वेगळ्या शब्दांत येते. आज डेबियन किंवा उबंटूवर केडीईचा फाइल मॅनेजर डॉल्फिन अशी कुरकुर करू लागला, तर आधी 'केआयओ-एक्स्ट्राज' हे पॅकेज आहे का ते बघा. एसएमबी, एसएफटीपी, फिश ही मंडळी त्यातच राहतात. ते डॉल्फिनसोबत फक्त शिफारस म्हणून येतं; शिफारशी वगळून बसवलंत तर राहून जातं. पॅकेज बसलं म्हणजे आपल्या यंत्राला ती भाषा येते, एवढंच. समोरच्याचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट बंद असेल तर दार सहसा उघडत नाही, आणि नेटवर्क तपासायची वेळ तेव्हा येते.

इन्फो सेंटरच्या त्याच यादीत 'मॅन'ही सापडला. कॉन्कररच्या पत्त्याच्या पट्टीत 'मॅन', विसर्गासारखी दोन टिंबं आणि आज्ञेचं नाव लिहिलं की त्या आज्ञेचं माहितीपान उघडतं. त्या तीन दिवसांची कमाई म्हणायची तर हीच.