मुठीचा खेळ

संध्याकाळची वेळ आहे. गावच्या तालमीत दिवा लागला आहे. लाल मातीत दोन पोरे एकमेकांशी झटत आहेत. वस्ताद कडेला बसून सांगत आहेत, "अरे, घाई करू नकोस. दम धर." हे चित्र तुमच्याआमच्या ओळखीचे आहे.

आज आपण कुस्तीच्या एका चुलतभावाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव मुष्टियुद्ध. मुष्टी म्हणजे मूठ. बोलताना लोक त्याला बॉक्सिंग म्हणतात.

कोणी म्हणेल, "मारामारी ती मारामारी. तिला खेळ कशाला म्हणायचे? बांधावरून भांडण झाले की आमच्याकडेही गुद्दे चालतात की!"

आम्हालाही आधी असेच वाटे. पण बांधावरचे भांडण आठवून बघा. अंगाने दुप्पट असलेला गडी कोवळ्या पोराला मारतो. एकावर चौघे धावतात. कोणी काठी उचलतो, कोणी दगड. कुठे मारावे, किती मारावे, कधी थांबावे, याला काही धरबंध नसतो. शेवट होतो दवाखान्यात, नाही तर कोर्टात.

खेळात असे चालत नाही. कसे ते पाहू.

खेळाचे नियम

पहिली गोष्ट वजनाची. खेळणाऱ्यांचे वजनाप्रमाणे गट पाडलेले असतात. 50 किलोचा गडी 80 किलोच्या गड्यापुढे उभा करीत नाहीत. सामन्याच्या दिवशी सकाळी वजन करतात. काट्याला दयामाया नाही. 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये आपली कुस्तीगीर विनेश फोगट अंतिम फेरीत पोचली होती. तिचा गट 50 किलोचा. त्या सकाळी तिचे वजन 100 ग्रॅम जास्त भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. कुस्तीत जे, तेच मुष्टियुद्धात. म्हणून काही पोरे सामन्याआधी उपाशी राहतात, पाणीसुद्धा पीत नाहीत. हे फार वाईट. अंगातले पाणी कमी झालेला गडी लवकर थकतो आणि त्याला इजाही लवकर होते. हौसेने खेळणाऱ्याने आपल्या नेहमीच्या वजनाच्या गटातच उतरावे.

दुसरी गोष्ट जागेची. सामना चौकोनी ओट्यावर होतो. प्रत्येक बाजू सुमारे 20 फूट. चारी बाजूंनी दोऱ्या बांधलेल्या असतात. या चौकोनाला रिंग म्हणतात.

तिसरी गोष्ट वेळेची. हौशी सामन्यात मोठ्यांना साधारणपणे तीन फेऱ्या असतात. एक फेरी तीन मिनिटांची. दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती. तीन मिनिटे म्हणजे काय मोठे, असे वाटते ना? मग एकदा हात छातीपुढे धरून तीन मिनिटे जागच्या जागी उड्या मारून पाहा. छाती भात्यासारखी चालू लागेल.

चौथी गोष्ट ठोशाची. ठोसा मारायचा तो चेहऱ्यावर, डोक्याच्या बाजूंवर, नाही तर कमरेच्या पट्ट्याच्या वर, पुढून. डोक्याच्या मागे, मानेवर, पाठीवर, कमरेखाली मारायचे नाही. पडलेल्याला तर हातही लावायचा नाही. रिंगमध्ये एक पंच उभा असतो. तो "थांबा" म्हणाला की त्याच क्षणी थांबायचे.

बाहेर गुण देणारे पंच बसतात. मोठ्या स्पर्धांत ते पाच असतात. जो फेरी जिंकतो त्याला 10 गुण. दुसऱ्याला 9 किंवा त्याहून कमी.

तयारी कशी करतात

तयारीतला थोडासाच भाग मारण्याचा असतो. बाकी सगळी मेहनत पायांची आणि दमाची.

सकाळी धावणे. मग दोरीवरच्या उड्या. मग जोर-बैठका. त्यानंतर आरशापुढे उभे राहून हवेत ठोसे मारायचे आणि आपल्या चुका आपणच बघायच्या. उभे राहण्याचीही रीत आहे. उजव्या हाताचा माणूस डावा पाय पुढे ठेवतो. हनुवटी खाली. दोन्ही मुठी गालाजवळ. डावा हात पुढे झटकन जातो आणि तसाच झटकन परत येतो. नवी पोरे ठोसा मारतात, पण हात परत आणायला विसरतात. तेवढ्यात समोरच्याचा ठोसा बसतो. शेतातून जनावर बाहेर काढले आणि कवाड लावायचे राहिले, त्यातलाच प्रकार.

पुढे भरलेल्या पोत्यावर ठोसे मारायचे. त्याआधी बोटांना आणि मनगटाला कापडी पट्टी नीट गुंडाळायची. वर मोजे घालायचे. सामन्याचा एक मोजा हलक्या गटात सुमारे 280 ग्रॅमचा, तर भारी गटात सुमारे 340 ग्रॅमचा असतो. दातांवर रबराचे कवच बसवतात. हे सगळे अंगवळणी पडायला महिने लागतात. तोवर शहाणा शिक्षक पोराला दुसऱ्यासमोर उभाच करीत नाही.

एक सामना

आम्ही एकदा एका तालुक्याच्या गावी सामने पाहायला गेलो होतो. एका पोराचा तो पहिलाच सामना. दिवसा तो दुकानात पोती उचलायचा आणि संध्याकाळी सराव करायचा. त्याची आई पदर तोंडाला लावून मागे बसली होती.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत तो दमला. त्याचे हात खाली आले. समोरच्याचे दोन ठोसे सरळ तोंडावर बसले. पंचाने खेळ थांबवून आठपर्यंत अंक मोजले. असा नियमच आहे. जोराचा फटका बसला की गडी तयार असला तरी आठ अंक मोजल्याशिवाय खेळ पुढे चालत नाही. दहा होईपर्यंत तो सावरला नाही, तर सामना संपला.

आठ झाले. पोराने मुठी वर केल्या. लोक ओरडू लागले, "मार! सोडू नको!" तेवढ्यात त्याच्या शिक्षकाने टॉवेल रिंगमध्ये टाकला. याचा अर्थ, आम्ही हार मानली.

पोरगा रडकुंडीला आला. "सर, मी पडलो नव्हतो. का थांबवलंत?"

सर म्हणाले, "पडल्यावर थांबवायला मी कशाला हवा? पडल्यावर सगळेच थांबवतात."

आई पुढे आली. तिने विचारले, "सर, आता याला परत खेळू देणार का?"

"एक महिना नाही," सर म्हणाले. "मग डॉक्टर बघतील. ते हो म्हणाले तरच."

महिनाभर तो पोरगा रोज यायचा आणि दुसऱ्यांच्या फेऱ्यांची वेळ घड्याळावर मोजायचा. पुढच्या वर्षी तो पुन्हा रिंगमध्ये उतरला. त्या वेळीही हरला. पण तिन्ही फेऱ्या खेळून हरला. हात शेवटपर्यंत वर होते. आई या वेळी पुढे बसली होती.

सरांनी असे का केले?

कळशीला धक्का लागला की आतले पाणी हिंदकळते. कळशी फुटत नाही, पण पाणी हलतेच. डोक्यावर ठोसा बसला की कवटीत मेंदू तसाच हलतो. मोजा मुख्यतः हाताला जपतो. डोक्याला बांधायची टोपी कातडी फुटू देत नाही. पण आतले हिंदकळणे दोन्हींनी थांबत नाही. ही गोष्ट आम्ही मुद्दाम उघड सांगत आहोत. खेळाची हौस आहे म्हणून त्याचा धोका झाकून ठेवणे बरे नव्हे. वर्षानुवर्षे डोक्याला मार बसला, तर पुढे स्मरणशक्ती जाते, हात कापू लागतात.

म्हणून नियम केले आहेत. डोक्याच्या माराने सामना थांबला, तर निदान 30 दिवस सामना नाही आणि जोडीदाराबरोबर सरावही नाही. तीन महिन्यांत असे दोनदा झाले, तर 90 दिवस बंदी. वर्षात तीनदा झाले, तर वर्षभर बंदी.

मार बसल्यावर डोके दुखले, उलटी झाली, चक्कर आली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, किंवा माणूस झोपाळल्यासारखा झाला, तर घरगुती उपाय करीत बसू नका. लगेच डॉक्टरकडे न्या. दुखणे लपवणे हे शौर्य नव्हे.

आणि हेही ध्यानात असू द्या. सामना खेळलाच पाहिजे असे नाही. पोते, दोरी, धावणे एवढेच करणारेही पुष्कळ आहेत. त्यांचा दम वाढतो, अंग हलके होते आणि डोके शाबूत राहते.

वर्तमानपत्रातला फोटो

मणिपूर राज्यात कांगाथेई नावाचे खेडे आहे. तिथल्या एका गरीब शेतकऱ्याची मुलगी मेरी कोम. 1998 साली मणिपूरच्याच डिंगको सिंग यांनी बँकॉकच्या आशियाई खेळांत मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक जिंकले. ते पाहून या मुलीने मोजे चढवले, पण घरी सांगितले नाही. 2000 साली ती राज्यात पहिली आली. वडिलांना हे कळले ते वर्तमानपत्रातल्या फोटोवरून! ते रागावले. तोंडाला मार लागला तर पोरीचे लग्न कसे व्हायचे, ही त्यांची काळजी.

बापाची काळजी खोटी नव्हती. पण पोरीची जिद्दही खरी होती. पुढे ती सहा वेळा जगज्जेती झाली. 2012 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे मुष्टियुद्ध प्रथमच आले, तेव्हा तिने कांस्यपदक आणले. 2018 साली दिल्लीत सहावे जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा ती मुलाबाळांची आई होती.

मंडळी, तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी उद्या म्हणेल, "मला हा खेळ शिकायचा आहे." लगेच नाही म्हणू नका आणि डोळे मिटून होही म्हणू नका. आधी शिक्षकाला जाऊन भेटा. त्याला विचारा, "माझे पोर दमले, तर तुम्ही खेळ थांबवाल का?" त्याचे उत्तर नीट ऐका. मूठ उगारायला कोणीही शिकतो. ती कधी आवरायची, हे ज्याला कळते, त्याच्याच हाती आपले मूल सोपवावे.

विचार करा आणि सांगा

1. बांधावरचे भांडण आणि मुष्टियुद्ध यांत काय फरक आहे?
2. सरांनी टॉवेल टाकला, ते बरोबर केले का? तुम्ही असता तर काय केले असते?
3. डोक्याला मार बसल्यावर कोणती चिन्हे दिसली तर डॉक्टरकडे जावे?
4. मेरी कोमच्या वडिलांच्या जागी तुम्ही असता, तर मुलीला काय म्हणाला असता?