कातळावरील खुणा व त्यांचा अर्थ

विद्यार्थिमित्रहो, आपल्या पालघर-तारापूरच्या परिसरांत वारली लोकांच्या घरीं लग्नप्रसंगीं भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात, हें तुम्हांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. त्या चौकांत पालघट देवी विराजमान असते. ती कोण आणि लग्नांत तिची स्थापना कां करावयाची, हें चौक लिहिणाऱ्या सवाशिणी व गाणीं म्हणणारी धवलेरी आपणांस सांगूं शकतात. शिवेवरील वाघदेवाची गोष्ट तशीच. वाघ व सूर्यचंद्र कोरलेल्या त्या लाकडाचा अर्थ पाड्यावरील वडील माणसें जाणतात. परंतु याच कोंकणाच्या दक्षिण भागांत अशा खुणा आहेत, कीं त्यांचा मूळ अर्थ सांगणारा एकही मनुष्य आज उरलेला नाहीं. त्यांना कातळशिल्पें म्हणतात.

रत्नागिरी जिल्ह्यांत डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचीं विस्तीर्ण पठारें आहेत. त्यांस तेथील लोक सडा म्हणतात. अतिदीर्घ काळच्या पावसानें खडकांतील इतर द्रव्यें वाहून जाऊन लोहादि धातूंचे अंश मागें राहिले, म्हणजे हा तांबडा, सच्छिद्र दगड बनतो. पावसाळ्यांत सडा गवतानें झांकला जातो, आणि उन्हाळ्यांत तो अगदीं उघडा पडतो. या कातळावर उथळ चर खोदून मनुष्यें, पशु, मासे व भूमितीच्या आकृति काढलेल्या आहेत. कशेळी येथील हत्ती सुमारें १८ मीटर लांब असून त्याच्या पोटांत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. कांहीं ठिकाणीं गेंडाहि आढळतो, जो आज कोंकणांत कोठेंहि नाहीं. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्यें एक मनुष्य उभा आहे. गोव्यांत कुशावती नदीच्या कांठीं पणसायमळ येथें तर वाटोळा चक्रव्यूह कोरलेला आहे.

सन २०१२ च्या सुमारास रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व त्यांचे सहकारी यांनीं गांवोगांव पायीं हिंडून अशा चित्रांचा पद्धतशीर शोध आरंभिला. गुराख्यांस व ग्रामस्थांस विचारतां विचारतां शेंकडों आकृति उजेडांत आल्या.

हीं चित्रें किती जुनीं? कोळसा किंवा हाड सांपडल्यास त्यांतील कर्बावरून काळ मोजतां येतो, परंतु कोरीव कामांत केवळ दगड काढून टाकलेला असतो. म्हणून वयाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. चित्रांत शेतीचा मागमूस नाहीं, यावरून तीं शिकारीवर जगणाऱ्या लोकांचीं असावींत असा तर्क केला जातो, आणि दहा ते वीस हजार वर्षांपर्यंतचे अंदाज मांडले गेले आहेत.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरहि दोन वाघांच्या मध्यें उभा असलेला मनुष्य आहे. आपल्या वाघदेवावरहि वाघ आहे. म्हणून तिन्हींचा अर्थ एकच, असें म्हणणें घाईचें होईल. आकृति दगडांत टिकते, अर्थ मात्र माणसांच्या मुखीं असतो. सांगणारे गेले कीं तो अर्थहि जातो, आणि मग कितीहि निरखून पाहिलें तरी दगड बोलत नाहीं.

आतां तर आकृतीहि धोक्यांत आहेत. जांभा हा घरें बांधण्याचा दगड असल्यामुळें सड्यांवर चिऱ्यांच्या खाणी चालतात. बारसूच्या सड्याजवळ तेलशुद्धीकरणाचा मोठा कारखाना योजिल्यावरून सन २०२३ मध्यें बराच वाद माजला. सन २०२२ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत कोंकणांतील नऊ स्थळांचा समावेश झाला. त्यांपैकीं सात रत्नागिरी जिल्ह्यांत, एक सिंधुदुर्गांत व एक गोव्यांत आहे. परंतु संभाव्य यादी म्हणजे अंतिम मान्यता नव्हे. उक्षी येथील ग्रामस्थांनीं आपल्या गांवच्या हत्तीच्या रक्षणासाठीं स्वतः पुढाकार घेतला, हें उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

मित्रहो, पुढेंमागें सड्यावर जाण्याचा योग आल्यास चित्रावर पाय देऊं नका, व छायाचित्र स्पष्ट यावें म्हणून चरांत खडू किंवा रंग भरूं नका. आणि या सुटींत एक काम करा. पाड्यावरील एखाद्या आजीकडे जाऊन चौकांतील प्रत्येक आकृतीचें नांव व अर्थ विचारा, आणि तिच्याच शब्दांत वहींत उतरून घ्या. पालकांनींहि या कामीं मुलांस साहाय्य करावें. बारसूच्या सड्यावर विचारावयास आतां कोणी नाहीं. आपल्या पाड्यावर अजून आहे.