क्लेम फॉर्मचा ‘भाग ब’

पुण्यात मी जे काम करतो ते आष्टीत कुणाला नीट समजावून सांगता आलेलं नाही. अमेरिकेतल्या रुग्णांचे कागद वाचायचे, डॉक्टरनं लिहिलेल्या निदानाला अक्षर आणि आकड्यांचा कोड लावायचा, पुढचा कागद उघडायचा. मेडिकल कोडिंग. बी.फार्म., बीएचएमएस झालेली आपल्याकडची बरीच पोरं या कामात आहेत आणि गावात सगळे ‘कंप्युटरवर आहे’ एवढंच सांगून मोकळे होतात. माझ्या थोरल्या चुलत्यांचा, तात्यांचा विमा नाकारला गेला तेव्हा मात्र हेच काम घरात उपयोगी पडलं.

नकाराचं कारण होतं ‘जन्मजात अंतर्गत दोष, प्रतीक्षा कालावधी पूर्ण नाही’. तात्यांनी सत्तरी ओलांडलेली. पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, “जल्मापासनं असतं तर आतापस्तोर जित्ता ऱ्हायलो असतो का?”

झालं होतं असं. तात्यांचं रक्त कमी व्हायचं, दम लागायचा. दुखणं काहीच नाही. संडासला कधीमधी काळसर व्हायचं, पण लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि त्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मूळव्याध असेल म्हणून औषधं झाली. शेवटी हिमोग्लोबिन इतकं उतरलं की नगरला हलवावं लागलं. आमचा जिल्हा बीड, पण दवाखाना म्हटलं की आष्टीकर नगरकडंच तोंड करतो. २०२२ च्या सप्टेंबरपासून तर रेल्वेही आहे. तिथं रक्त चढवलं. जठराची दुर्बीण स्वच्छ निघाली. मोठ्या आतड्याची दुर्बीण घातली तेव्हा सुरुवातीच्याच भागात, सीकममध्ये, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लालबुंद रक्तवाहिन्यांचे ठिपके दिसले. आर्गॉन वायूच्या झोतानं ते जाळून बंद केले.

याला अँजिओडिस्प्लेशिया म्हणतात. वयाबरोबर आतड्याच्या अस्तरातल्या बारीक वाहिन्या फुगतात, पातळ होतात आणि अधूनमधून पाझरतात. बहुतेकांना साठीनंतर होतो. आता घोटाळा बघा. डॉक्टर मंडळी याच ठिपक्यांना बोलताना, लिहिताना सर्रास ‘एव्हीएम’ म्हणतात. तात्यांच्या डिस्चार्ज कार्डावर तेवढंच होतं, ‘एव्हीएम, कोलन’. कोडाच्या पुस्तकात एव्हीएम, म्हणजे आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन शोधलं की ते जन्मजात व्यंगांच्या प्रकरणात नेऊन सोडतं. क्यू या अक्षराखालचं सगळं जन्मजात. पचनसंस्थेच्या वाहिन्यांसाठी तिथं क्यू २७.३३ आहे. रुग्णालयातल्या मुलानं तोच भरला. हा आकडा अमेरिकेच्या आवृत्तीतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात क्यू २७.३ च्या पुढं फोड नाही. बहुधा इंटरनेटवर पहिला दिसला तो उचलला असावा. त्या मुलाला मी दोष देत नाही. कार्डावर जे लिहिलंय त्यापलीकडचं त्यानं ठरवायचंच नसतं.

हा कोड जातो कुठं? क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. ‘भाग अ’ आपण भरतो, ‘भाग ब’ रुग्णालय भरतं. मुख्य निदान, जोडीची निदानं आणि आधीपासूनचे आजार यांच्या कोडांच्या चौकटी ‘भाग ब’मध्ये असतात, आणि हाच कागद नातेवाइकांनी सहसा पाहिलेला नसतो. डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष बिलाकडं आणि गाडीकडं.

घरात लगेच सूर निघाला, “तू तर त्याच लायनीतला, दे की बदलून.” असं होत नाही, आणि होऊही नये. कोडरला शंका आली तर तो डॉक्टरला लेखी प्रश्न विचारतो. आम्ही त्याला क्वेरी म्हणतो. तिचा कडक नियम असा की प्रश्नात उत्तर सुचवायचं नाही. ‘विम्यासाठी जन्मजात नाही असं लिहून द्या’ ही क्वेरी नव्हे, ते बनावट कागद करायला सांगणं झालं. आम्ही विचारलं: हा दोष जन्मापासूनचा की नंतर झालेला? आतड्याच्या नेमक्या कोणत्या भागात? रक्तस्राव त्यातूनच झाला का? सोबत दुर्बिणीचे फोटो आणि हृदयाच्या इकोचा रिपोर्ट जोडला.

इकोचं कारण आहे. तात्यांची महाधमनीची झडप अरुंद झालेली आहे. अशी झडप आणि आतड्यातला रक्तस्राव एकत्र आढळतात हे एडवर्ड हाइड यांनी १९५८ मध्ये एका पत्रातून मांडलं होतं. अरुंद झडपेतून जोरानं जाताना रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाचे तुकडे पडतात, म्हणून असे ठिपके जास्त वाहतात. म्हणजे ‘आधीपासूनचे आजार’ ही चौकट रिकामी सोडण्यासारखी नव्हती. ती भरली की विमा अडकेल अशी भीती लोकांना असते. पॉलिसीचा फॉर्म भरताना झडपेचा आजार सांगितलेला असेल तर तो लपवण्यात काहीच शहाणपण नाही.

डॉक्टरांनी पुरवणी लिहून दिली: सीकममधील अँजिओडिस्प्लेशिया, वयोमानानं झालेला, रक्तस्रावासह. त्यावरून कोड झाला के ५५.२. अमेरिकन पद्धतीत पुढं आणखी आकडा लागतो. रक्तस्राव नसेल तर ५५.२०, असेल तर ५५.२१. हेच ठिपके जठरात किंवा आतड्याच्या अगदी सुरुवातीला असते तर के ३१.८ कडं जावं लागलं असतं. रक्त कमी होण्याचा डी ५०.० जोडीला. क्लेम पुन्हा उघडला, थोडी कापाकापी होऊन पैसे आले.

म्हणून सांगतो, कार्ड हातात आलं की घरी नेऊन नव्हे, वॉर्डातच वाचा. निदानाच्या ओळीत जागा, स्वरूप आणि रक्तस्राव हे तिन्ही दिसलं पाहिजे. कारण सापडल्यावरही नुसतं ‘पोटातला रक्तस्राव’ लिहिलं असेल तर कोड के ९२.२, म्हणजे कारण माहीत नाही, असा लागतो आणि विमावाले त्यावर हमखास प्रश्न काढतात. ‘भाग ब’ची झेरॉक्स मागा. नंतर कागद मागायची वेळ आली तर लेखी अर्ज द्या; वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरनं ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि त्या ३ वर्षं जपणं बंधनकारक आहे. नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडं लेखी जा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथं फी नाही, वकील लागत नाही.

महात्मा फुले योजनेतून उपचार झाले तर पैशाचं गणित पॅकेजवर चालतं आणि रुग्णालयातला आरोग्यमित्र कागद बघतो, पण निदानाची ओळ तिथंही नीटच हवी. कारण हे ठिपके जाळले तरी नवे येतात. तात्यांना पुन्हा रक्तस्राव झाला आणि रात्री अपरात्री दुसऱ्याच रुग्णालयात न्यावं लागलं, तर तिथला डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारणार, मागच्या वेळी नेमकं कुठं सापडलं होतं. पुरवणी, दुर्बिणीचे फोटो आणि इको आता एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहेत, आणि फोल्डर कुठं आहे ते सुनेलाही माहीत आहे.