परदेशी आंकडे व आपला संगणक

द्राक्षें परदेशीं धाडणाऱ्या बागाईतदारांचे हिशेब हल्लीं संगणकावर ठेवले जातात. वहींतील आंकडा वाचणारा मनुष्य संदर्भ पाहून अर्थ लावितो. संगणक मात्र ज्या देशाची आंकडेपद्धति त्यांत नेमलेली असेल, तिच्याच आधारें वाचतो. म्हणून ही नेमणूक तपासणें अगत्याचें आहे.

आपण दशांशासाठीं टिंब व हजार, लक्ष, कोटि यांच्या जागीं स्वल्पविराम देतों. नेदरलँड्स व जर्मनी येथें रीत नेमकी उलट आहे. समजा, तिकडील पत्रकांत पेट्या '१.२५०' व दर पेटीचें वजन '४,५००' किलो असें लिहिलें आहे. याचा अर्थ साडेबाराशें पेट्या व साडेचार किलो. भारतीय पद्धतीचा संगणक तेंच सव्वा पेटी व साडेचार हजार किलो असें वाचील. चमत्कार असा कीं, दोन्ही गुणाकार ५,६२५ किलोच येतात. त्यामुळें एकूण वजन ताडून चूक उमगत नाहीं. ती उमगते पैशाच्या रकान्यांत. दर पेटीस ९ युरो धरले, तर येणें ११,२५० युरो. संगणक दाखवील ११.२५.

यास्तव प्रथम आपली पद्धति निश्चित करावी. विंडोज संगणकांत 'कंट्रोल पॅनेल'मधील 'रीजन' उघडून 'इंग्लिश (इंडिया)' निवडावें. नंतर 'ॲडिशनल सेटिंग्ज'मध्यें 'नंबर्स' या सदराखालीं 'डेसिमल सिंबल' टिंब, 'डिजिट ग्रूपिंग सिंबल' स्वल्पविराम आणि 'डिजिट ग्रूपिंग' १२,३४,५६,७८९ असें आहे कीं नाहीं तें पाहावें.

परदेशी पत्रकापुरती निराळी सोय आहे. एक्सेलमध्यें 'फाईल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' या क्रमानें जाऊन 'यूज सिस्टिम सेपरेटर्स' यावरील खूण काढावी, दशांशास स्वल्पविराम व हजारास टिंब लिहावें, मग आंकडे आंत घ्यावे. काम होतांच खूण पूर्ववत् करावी.

हा क्रम उलटूं नये. आंकडे एकदां चुकीचे वाचले गेल्यावर पद्धति बदलल्यास केवळ चिन्हें बदलतात, किंमत सुधारत नाहीं. सव्वा तो सव्वाच राहतो. अशा वेळीं मूळ पत्रकावरून आंकडे पुन्हां घ्यावे लागतात.

प्रत्येक पत्रक आंत घेतल्यावर पेट्यांची बेरीज व एका पेटीचें वजन हे दोन आंकडे मूळ कागदाशीं स्वतंत्रपणें ताडावे. इतकी दक्षता घेतल्यास वर्षभराच्या श्रमाचें मोल एका टिंबापायीं बुडणार नाहीं.