कृकाटिका मर्म व मस्तिष्कस्तंभाकडील शल्यमार्ग

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात शिर व ग्रीवा यांच्या संधिस्थानी दोन कृकाटिका मर्मे सांगितली असून त्यांची गणना वैकल्यकर मर्मांत केली आहे. आघाताचे लक्षण ‘चलमूर्धता’, म्हणजे मस्तक स्थिर न राहणे. कवटी व मानेचे पहिले दोन मणके यांतील अस्थैर्याशी हे वर्णन विलक्षण जुळते. मात्र मर्म म्हणजे अमुकच सांधा, असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा.

याच ठिकाणी मस्तिष्कस्तंभाचा अधोभाग, अर्थात सुषुम्नाशीर्ष, सुषुम्नेस मिळतो. श्वसन व गिळणे यांचे नियंत्रण येथूनच होते. दुसऱ्या मणक्याचा दंताकार भाग मागे वा वर सरकल्यास त्याचा दाब थेट यावर पडतो. हा भाग मुखातून वाट काढून कापून टाकण्याची रीत आहे. तीत जंतुसंसर्गाचे भय अधिक.

मागील मार्गात मध्यरेषेतून शिरल्यास रक्तस्राव अल्प होतो. पहिल्या मणक्याच्या मागील कमानीवर मध्यरेषेपासून सुमारे दीड सेंटीमीटरच्या आतच राहावे लागते. त्यापलीकडे, कमानीच्या वरच्या खाचेतून, मस्तिष्कस्तंभास रक्त पुरविणारी कशेरुक धमनी वळते. काही व्यक्तींत तिचा मार्ग निराळा असतो, म्हणून शस्त्रकर्मापूर्वी तिचे चित्रण पाहतात. सांध्यावर शिराजाल व दुसऱ्या ग्रीवानाडीची गुच्छिका असते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये या दोन मणक्यांच्या पार्श्वभागी पट्टी व स्क्रू बसविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. पुढे २००४ मध्ये त्यांनी हाच सांधा ताणून, वर सरकलेला दंतभाग खाली आणण्याचा उपाय मांडला. दाब दूर होतो आणि मस्तिष्कस्तंभास शस्त्राचा स्पर्शही होत नाही! मर्माचे प्रमाण जाणून, ते वर्ज्य करून शस्त्रकर्म करावे, कारण मर्माच्या बाजूस झालेला आघातही घातक ठरतो, हा सुश्रुतोक्त दंडक येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

कोंढ्यासारख्या गावी मानदुखीचा रुग्ण प्रथम वैद्याकडे वा औषधी दुकानातच येतो. आखूड मान, केसांची खालची रेषा, हातापायांत वाढता ताठरपणा, चालताना तोल जाणे, गिळताना ठसका, ही लक्षणे आढळल्यास ग्रीवेस झटका देणे, मर्दन व मान वळविण्याचे व्यायाम सर्वथा वर्ज्य; रुग्णास मान स्थिर ठेवून मेंदू-शल्यविशारदाकडे पाठवावे. ठसका लागणाऱ्यास पातळ काढा पाजू नये, तो श्वासनलिकेत उतरतो. चालू असलेल्या गुग्गुळकल्पांची व लसणाच्या योगांची यादी चिठ्ठीत लिहून द्यावी. रक्तस्रावाच्या दृष्टीने शल्यविशारदास ती हवी असते.